हे चिलखत तिला कुणी चढवलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागलचा एक विद्यार्थी कलाशिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेम स्टुडिओत नोकरी मिळावी म्हणून पोर्टफोलिओ करतोय. त्यात त्यानं एक फँटसी योद्धी काढलीय. खांद्यावर काटेरी लोखंडी पत्रे, छातीवर दोन वाट्यांचं कवच, पोट उघडं, मांड्या उघड्या, गुडघ्यापर्यंत धातूचे टाचेचे बूट, वाऱ्यावर उडणारे केस आणि डाव्या हातात दंडपट्टा. एक मित्र म्हणाला, आता दिवस बदललेत, असलं चित्र बघून स्टुडिओवाले दारात उभं करणार नाहीत. दुसरा म्हणाला, झाकून ठेवलीस तर बघणार कोण? आता याला विचारायचंय की दोघांतलं खरं कोण, मर्यादा नेमकी कुठं, आणि हे चित्र ठेवायचं की काढून टाकायचं.

मी अठरा वर्षं गेमसाठी पात्रं काढतेय. आधी पुण्यात नोकरी केली, आता कोल्हापुरात घरून काम करते. पहिली पाच वर्षं मी अगदी असलीच चिलखतं काढली आणि त्याचेच पैसे घेतले, त्यामुळं उपदेश करायच्या पाटावर मी बसलेली नाही. तुला 'तू'च म्हणते.

तुझे दोन्ही मित्र कापड मोजतायत. किती कातडी दिसते यावर चित्र चांगलं की वाईट ठरत असतं, तर आपलं काम शिंप्याच्या टेपनं भागलं असतं. खासबागेत कुस्ती बघितली असशील. लाल मातीत लांगोट लावून उतरलेल्या पैलवानाच्या अंगावर वीतभर कापड असतं, तरी त्याला बघून कुणाला संकोच वाटत नाही. समोरच्याच्या हाताला धरायला काही मिळू नये, अंग मोकळं वळावं, यासाठी तो लांगोट आहे. त्याचं उघडं अंग त्याच्या कामातून आलंय. आता तुझ्या योद्धीचं पोट उघडं का, ते तिच्या कामातून सांगून बघ. मला जमलं नाही. तुलाही जमणार नाही, कारण ते पोट तू तिच्यासाठी काढलेलंच नाहीस. मी कुठलंही पात्र तपासताना पहिल्यांदा एवढंच विचारते: हे कपडे तिनं घातलेत, की तिला घातलेत?

ही लोखंडी बिकिनी आली कुठून ते माहीत असलेलं बरं. 1960च्या दशकात अमेरिकेत कॉनन या रानटी योद्ध्याच्या कथांची स्वस्त पुस्तकं निघाली आणि त्यांची मुखपृष्ठं फ्रँक फ्रॅझेटानं रंगवली. चित्रकार म्हणून तो थोरच, त्याचे अंधार आणि उजेड बघून मी अजून शिकते. बलदंड पुरुष, त्याच्या पायाशी बिलगलेली बाई, मागं धुराचा लोट, ही मांडणी तिथून घट्ट झाली. 1973 साली मार्व्हलच्या कॉमिकमध्ये रेड सोन्या ही योद्धी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या अंगात चांगला साखळ्यांचा सदरा होता. पुढच्याच वर्षी एस्टेबान मारोतो या स्पॅनिश चित्रकारानं काढलेल्या रूपात त्या सदऱ्याची धातूच्या चकत्यांची बिकिनी झाली आणि तीच तिला कायमची चिकटली. त्याच 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा फँटसी खेळ निघाला. पुढं कॉम्प्युटरवर फँटसी खेळ करणारी पिढी ही असली मुखपृष्ठं बघत वाढलेली. म्हणजे ही बिकिनी कुठल्याच रणांगणावरून आलेली नाही. ती पुस्तकाच्या दुकानातून आलीय, गिऱ्हाइकाचा हात पुढं यावा म्हणून.

यात नाक मुरडण्यासारखं मला फार वाटत नाही. आपल्याकडं दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांनी काढलेल्या देखण्या बायका बघून लोक दिवाळी अंक उचलायचेच. फरक इतकाच की ती बाई दिवाळीला नटलेली असायची. तिला तसंच पाचशे राक्षसांच्या अंगावर कुणी सोडत नव्हतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पुरुषही उघडेच असतात की. असतात. पण कॉननच्या उघड्या छातीवर जखमांचे वण असतात, स्नायू ताणलेले असतात, ती छाती तो काय करू शकतो ते सांगते. शेजारच्या बाईचं अंग फक्त दिसतं. पटत नसेल तर एक प्रयोग कर. 2012 साली काही चित्रकारांनी 'हॉकआय इनिशिएटिव्ह' नावाचा चेष्टेचा उद्योग सुरू केला होता. सुपरहिरो बायकांच्या पोझ उचलायच्या आणि जशाच्या तशा हॉकआय या धनुर्धारी पुरुषाला द्यायच्या. कंबर एकीकडं, छाती दुसरीकडं, पाठीचा कणा पिळलेल्या धुण्यासारखा. हसून पोट दुखतं. तुझ्या योद्धीची पोझ तुझ्या एखाद्या मित्राला दे आणि बघ. हसू आलं तर पोझ चुकलीय. कपड्यांचा विचार त्यानंतर.

आता बाहेरून टीका करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात न येणारी गोष्ट. अंगाला चिकटलेले कपडे गेममध्ये इतके का, याचं एक कारण निव्वळ हिशेबाचं आहे. 1996 साली टूम रेडर हा गेम आला तेव्हा त्यातली आख्खी नायिका, लारा क्रॉफ्ट, मोजक्या त्रिकोणी तुकड्यांतून उभी करावी लागत होती. तेवढ्या तुकड्यांत घोळ, चुण्या, फडफडणारा पदर काढणं अशक्य. कपडा म्हणजे अंगावर रंगवलेला रंग. घट्ट बनियन आणि आखूड चड्डी सगळ्यात स्वस्त पडत होती. आजही सुटं कापड महागच आहे. एक घागरा द्यायचा म्हटलं की तो हलवायला पात्राच्या सांगाड्याला वेगळी हाडं जोडा, नाहीतर कापड कसं हलेल ते कॉम्प्युटरकडून मोजून घ्या. मग तो घागरा पळताना मांडीतून आरपार जातो, बसताना जमिनीत शिरतो, आणि अॅनिमेटर तुला शिव्या घालतो. मुलाखतीत यावर दोन वाक्यं बोलता आली तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, हे पदरच्या अनुभवावरून सांगते.

पण हे कारण ताणून ताणून वापरलं गेलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2004 साली आला. त्यात काही चिलखतं अशी होती की पुरुष पात्राला घातली तर पूर्ण विजार दिसायची आणि तीच वस्तू स्त्री पात्राला घातली की चड्डीएवढी उरायची. वस्तू तीच, किंमत तीच, संरक्षणाचे आकडेही तेच. इथं तंत्राची अडचण कुठली आली? ती कुणीतरी टेबलाशी बसून घेतलेली निवड होती. उलट बाजूनं 2011चा डार्क सोल्स बघ. त्यातलं बहुतेक चिलखत बाईच्या अंगावर आणि पुरुषाच्या अंगावर जवळपास सारखंच दिसतं. जड, गंजकं, पोचे आलेलं. आत कोण आहे ते चालण्यावरून किंवा आवाजावरून कळलं तर कळलं. आणि 1986चा मेट्रॉइड तर दोन्ही टोकं एकाच खेळात दाखवतो. नायिका सॅमस पूर्ण वेळ डोक्यापासून पायापर्यंत चिलखतात आणि ती बाई आहे हे कळतं शेवटी. पण बक्षीस काय, तर खेळ जितका लवकर संपवाल तितक्या कमी कपड्यांत ती समोर येते.

थोडं लोखंडाबद्दल. छातीवर दोन वाट्या काढू नकोस. नीतिमत्ता बाजूला ठेव, ती लोहाराची चूक आहे. छातीचं कवच मधोमध उंच, दोन्ही बाजूंना उतरतं असतं, म्हणजे तलवारीचं टोक किंवा भाला घसरून बाजूला जातो. घराच्या कौलांना उतार का असतो, तसंच. दोन वाट्या केल्या की मधे दरी तयार होते आणि घसरलेलं टोक नेमकं त्या दरीत, छातीच्या हाडावर जाऊन थांबतं. शिवाय कवच कधी अंगाला चिकटून नसतं. आत जाड शिवलेला कापूसभरला अंगरखा असतो आणि वर थोडी मोकळी जागा, त्यामुळं आतली छाती बाईची की पुरुषाची याचा बाहेरच्या आकाराशी फारसा संबंध उरत नाही. जोन ऑफ आर्क या फ्रेंच लढवय्यीसाठी 1429 साली फ्रान्समधल्या तूर गावात पूर्ण चिलखत बनवलं होतं, त्याचा 100 लिव्हरचा (लिव्हर म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन) खर्च दप्तरात नोंदलेला आहे. युरोपातलं असलं पूर्ण चिलखत साधारण 15 ते 25 किलो भरतं, पण वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असतं, माणूस त्यात पळतो, घोड्यावर चढतो. म्हणून 'बाईला पेलणार नाही, म्हणून कमी घातलं' हे म्हणणं टिकत नाही. आणि पैसे कमी असले, धातूचा एकच तुकडा परवडत असला, तर शिपाई आधी डोकं झाकतो. तुझ्या योद्धीकडं लोखंडाची एवढी खांदेपट्टी आहे आणि शिरस्त्राण नाही.

शिरस्त्राण गेमवाले मुद्दाम काढतात, कारण चेहरा दिसायला हवा. ती लबाडी मला मान्य आहे, कारण ती पुरुष पात्राशीही तशीच केली जाते. खोटं बोलायचं तर दोघांशी सारखं बोल.

खांदेपट्टीवरून आठवलं. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका परदेशी गिऱ्हाइकासाठी मी तुझ्या या बाईची थोरली बहीण म्हणावी अशी एक काढली होती. आमच्या स्टुडिओचं नाव सांगत नाही. काय हवं ते सांगणाऱ्या कागदात, म्हणजे ब्रीफमध्ये, एकच ओळ, 'अजून धाडसी करा'. मी पोटावरचा पत्रा काढला. परत तीच ओळ. मांडीवरचा काढला. तिसऱ्यांदा आली तेव्हा काढायला काही उरलं नव्हतं म्हणून खांद्याचे काटे वाढवले, आणि ते मंजूर झालं! महिन्याभरानं अॅनिमेटरचा फोन. "मॅडम, हिनं तलवार उचलली की काटा गालातून आत जातो आणि डोळ्यातून बाहेर येतो." शेवटी त्या बाईनं अख्ख्या खेळात हात खांद्याच्या वर नेला नाही. बाजूनं कापत राहिली, भाजी चिरल्यासारखी. चार लोकांनी मंजुरी दिली होती, पण ती त्या कपड्यांत काम करू शकते का, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

दोनेक वर्षांपूर्वी एका कामात पट्टा फिरवणारी स्त्री हवी होती. मंगळवार पेठेतल्या एका तालमीत संध्याकाळी मर्दानी खेळाचा सराव चालतो. वस्तादांची परवानगी घेऊन चार संध्याकाळी कोपऱ्यात वही घेऊन बसले. पहिल्या दिवशी पट्टा बघायचाच राहिला, इतकं आधीचं बघण्यासारखं होतं. सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी. बाकीच्या मुलींच्या नऊवाऱ्या शिवलेल्या होत्या, हिची नेसायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. तिनं कासोटा मागं खोचला आणि पाय फाकवून खोल बैठक घेतली. उठली. परत बसली. निरी ओढली जात होती, म्हणून सगळं सोडून पुन्हा नेसली, या वेळी मांडीशी चार बोटं सैल ठेवून. पदर छातीवरून आडवा घेऊन कमरेला खोचला आणि वरून शेल्याचे दोन वेढे दिले. गाठ डाव्या कुशीला. मी विचारलं, डावीकडंच का? म्हणाली, "पट्टा उजव्या हातात असतोय न्हवं. गाठ हिकडं आली की अडकत्या." काचेच्या बांगड्या उतरवून आईकडं दिल्या, वेणीचा अंबाडा घातला, त्यावर रुमाल घट्ट बांधला. मग कोपरापर्यंतचा हात पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या लोखंडी नळीत, घातला.

खोबळ्यात मूठ आडवी असते आणि मनगट जवळपास कैद होतं. त्यामुळं तलवारीसारखा मनगटातून वार निघतच नाही, तो खांद्यातून आणि कमरेतून निघतो. कंबर फिरायची तर पाय लांब हवेत, गुडघे वाकलेले हवेत, टाच जमिनीला हवी. म्हणून ती आधी बैठक तपासत होती. म्हणून मांडीशी चार बोटं. तिच्या नेसण्यातली एक गोष्ट अशी नव्हती की जिचं उत्तर पट्ट्यात नव्हतं. आणि दिसत कशी होती म्हणशील तर अशी, की त्या चार संध्याकाळच्या वह्या मी अजून कुणाला दिलेल्या नाहीत.

शेवटच्या दिवशी धीर करून तिला मोबाइलवर माझं ते जुनं चित्र दाखवलं. मला वाटलं, पोट-मांड्या बघून लाजेल, नाहीतर तोंड वाकडं करेल. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. बघितलं आणि म्हणाली, "केस मोकळे सोडल्यात की. पहिल्याच फेऱ्याला पट्ट्यात जाणार." थोड्या वेळानं, "आणि ह्या बुटात बैठक कशी घेणार?" कातडीबद्दल चकार शब्द नाही. मी पाच वर्षं ज्यावर वाद ऐकत होते तो मुद्दा तिच्या लेखी तिसऱ्या क्रमांकावरही नव्हता.

इथं माझ्याच कसोटीतलं एक भोक सांगून टाकते, नाहीतर तूच दाखवशील. 'कारण द्या' म्हटलं की हुशार माणूस कारण तयार करतो. 2015च्या मेटल गिअर सॉलिड फाइव्हमध्ये क्वाएट नावाची नेमबाज आहे. ती बिकिनी घालून वाळवंटात फिरते, का, तर म्हणे ती कातडीतून श्वास घेते. कारण आहे, पण ते मापं घेऊन शिवलेलं आहे. कपडे आधी ठरले आणि कारण नंतर आलं, हा वास लपत नाही. त्याच्या शेजारी 2009च्या बेयोनेटा या गेमची त्याच नावाची नायिका ठेव. तिचे कपडे तिच्याच केसांचे, आणि मोठा हल्ला करताना केस तिकडं खर्ची पडतात म्हणून अंगावरचे कमी होतात. हेही ओढूनताणूनच. पण ती सबंध खेळभर स्वतःच्या दिसण्याची मजा घेते, समोरच्याला चिडवते, कॅमेऱ्याला खेळवते. मारी शिमाझाकी या चित्रकर्तीनं तिचं रूप घडवलंय. मला बेयोनेटा आवडते, माझ्या दोन मैत्रिणींना अजिबात नाही, आणि आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. मादक पात्र काढू नकोस असं मी म्हणणार नाही. मादकपणा तिचा स्वतःचा असू दे, इतकंच. लहान मुलगी दिसणाऱ्या पात्राला मात्र तसं कधीच काढायचं नाही. 'ती खरं तर तीनशे वर्षांची आहे' वगैरे सबबी मी ऐकून घेत नाही, असली कामं परत पाठवते.

पोझबद्दल वर बोलले, पण ते पुरेसं नाही. आपल्याकडचे विद्यार्थी फ्रॅझेटाच्या पिढीची नक्कल करतात आणि इकडं खिद्रापूरला एकदाही जात नाहीत, याचा मला राग येतो. कोपेश्वराचं बाराव्या शतकातलं देऊळ, तुझ्यापासून किती लांब आहे? तिथल्या बायकांच्या अंगावर कापडापेक्षा दागिनेच जास्त, तरी त्या ओशाळवाण्या दिसत नाहीत. मंदिरशिल्पातल्या सुरसुंदरी कशा असतात बघ: कुणी पायातला काटा काढते, कुणी आरशात बघते. प्रत्येकीचं आपलं काहीतरी चाललेलं असतं आणि आपण मधेच जाऊन उभे राहिलेलो असतो. महिषासुरमर्दिनीच्या अंगावर तर चिलखत नावालाही नाही. तरी ती जिंकणार यात शंका येत नाही, कारण रेड्यावर ठेवलेल्या पायातून वजन खाली उतरलेलं असतं आणि त्रिशूळ धरलेल्या हाताची रेघ त्याच वजनाला जाऊन मिळते. तुझ्या योद्धीचं वजन कुठंच नाही. ती पायाच्या चवड्यांवर टांगलेली आहे. तिला पूर्ण चिलखत घातलंस तरी ती टांगलेलीच राहील.

कावळा नाक्याला सिग्नलवर थांबशील तेव्हा ताराराणींच्या पुतळ्याकडं चित्रकाराच्या नजरेनं बघ. ती बाई 1700 साली पंचविशीत होती, नवरा गेलेला, समोर औरंगजेब, आणि पुढची सात वर्षं तिनं राज्य तोलून धरलं. शिल्पकाराला घोडा, तलवार आणि स्वार एवढ्यावरच हे सांगायचं होतं. खालून, लांबून, रिक्षातून, पाठीमागं ऊन असताना बघ. तपशील दिसत नाहीत, काळी आकृती दिसते, आणि ती पुरते. गेममधलं पात्रही लोक असंच बघतात, लांबून, छोट्या पडद्यावर, बहुतेक वेळा पाठमोरं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली 'राजी' काढला. त्यात कॅमेरा बराच लांब आणि उंच आहे, राजीचा चेहरा खेळताना जेमतेम दिसतो. तिची ओळख पटते ती बाह्याकृतीवरून आणि हालचालीवरून. तुझं पात्र नखाएवढं करून काळ्या रंगानं भरून टाक. ओळखू आलं तर पुढं जा. उघडं पोट त्या आकारात दिसतही नाही, म्हणजे ज्यासाठी एवढा वाद, ते खेळताना बहुतेक वेळ वायाच जातं.

अंबाबाईची मूर्ती हे माझं दुसरं शिकण्याचं ठिकाण. चार हात: म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र. शस्त्रं धारण केलेली देवी, पण सरळ, स्थिर उभी. नवरात्रात रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधतात, साडी-दागिने-बैठक सगळं बदलतं, तरी रांगेतल्या शेवटच्या माणसालाही लांबून कळतं की ही अंबाबाईच. उपमा आगाऊ वाटली तर माफ कर, पण गेममध्ये पात्राचे वेगवेगळे पोशाख, म्हणजे 'स्किन', विकतात त्याचं गणित हेच आहे. रूप बदललं तरी पात्र तेच राहिलं पाहिजे. आणि इथंच आजकाल खरी मारामारी आहे. मूळ पात्र कंपन्या नीट कपडे घालून आणतात, कारण टीका त्यावर होते, आणि सहा महिन्यांनी पोहण्याच्या पोशाखातली स्किन पैसे लावून विकतात. 2016 साली ओव्हरवॉच या गेममधल्या ट्रेसर या पात्राची एक पाठमोरी विजयी पोझ खेळाडूच्या तक्रारीनंतर बदलली गेली. तक्रार काय होती? चपळ, अवखळ पोरगी आहे, तिच्या स्वभावाला ही पोझ शोभत नाही. मला हे नेमकं वाटतं. तक्रार स्वभावाची होती.

गिऱ्हाइकानं 'अजून मादक करा' म्हटलं तर काय करायचं, हेही तू विचारशील. मी त्यांनी मागितलेलं एक आणि माझं एक अशी दोन स्केचेस पाठवते. माझ्या स्केचसोबत दोन ओळी, अॅनिमेशनला काय सोपं जाईल ते. नीतीची भाषा तिथं चालत नाही, तासांची चालते. कधी माझं घेतात, कधी नाही. नाही घेतलं तर निमूट त्यांचं पूर्ण करते, हप्ते मलाही आहेत.

स्टुडिओला काय आवडतं, याचं एक उत्तर नाही. 2013चा ड्रॅगन्स क्राउन घे. त्यातल्या जादूगारणीच्या छातीवरून केवढा गदारोळ झाला, पण त्या खेळात पुरुषांचेही खांदे दाराएवढे आहेत, सगळी शैलीच फुगवलेली. तिथं तुझी योद्धी कदाचित खपली असती. ज्या स्टुडिओकडं पाठवणार त्यांचे खेळ आधी खेळ. एकच पोर्टफोलिओ सगळीकडं पाठवणारा मुलगा दहा मिनिटांत ओळखू येतो.

आता चित्राचं काय करायचं ते. काढून टाकू नकोस. तसंच राहू दे, आणि त्याच बाईची आणखी तीन पानं कर. पहिल्या पानावर ती पहाटे उठलीय, अंगावर साधं लुगडं आहे, चिलखत भिंतीला टेकवलंय. दुसऱ्यावर ती ते चढवतेय: कुठला बंद आधी, कुठलं बक्कल एकटीला लागत नाही, मदतीला कोण आलंय. हे पान काढताना तुला आपोआप कळेल की खांद्याचे काटे असताना तिला स्वतःचे केस बांधता येत नाहीत. तिसऱ्यावर लढाईनंतर, घाम, काखेत फाटलेलं कापड, ढालीवर नवा पोचा. मुलाखत घेणारा पहिल्या चित्रापाशी दोन सेकंद थांबेल आणि या तीन पानांपाशी पाच मिनिटं. बुटाची टाच काढ. शिरस्त्राण घालायचं नसेल तर नको घालू, पण ते कुठं आहे ते दाखव, खोगिराला अडकवलेलं असू दे.

आणि पट्टा डाव्या हातात दिलायस तो चुकून की मुद्दाम? चुकून असेल तर बदल. डावखुरीच करायची असेल तर खुशाल कर, मग शेल्याची गाठ उजव्या कुशीला घे.